१,५७४ रुपयांची तार आणि सह्याद्री

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत हॅम रेडिओवर, म्हणजे लायसन्स घेऊन छंद म्हणून बिनतारी यंत्रावर बोलण्यावर, पानभर लेख होता. आमच्या छंदाला एवढी जागा क्वचित मिळते, म्हणून आधी आभार. लेख आमच्याकडे दोनदा वाचला गेला. सकाळी मी मनातल्या मनात, आणि संध्याकाळी कुळीथ निवडता निवडता बायकोने मोठ्याने. आपत्तीत उपयोगी पडेल असा सगळ्या बँडांचा (म्हणजे हॅमसाठी ठरलेल्या लहरींच्या पट्ट्यांचा) अँटेना परदेशातून मागवावा लागतो, मनोरा धरून खर्च लाखाच्या घरात जातो, अशा अर्थाच्या वाक्याशी ती थांबली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही तर मला पंधराशे सांगितले होते."

पंधराशे नव्हेत, १,५७४. पावत्या बिस्किटाच्या डब्यात आहेत, त्यातच हा कागदही होता ज्याच्या पाठीवर पत्राचा कच्चा मसुदा लिहिला. वायर ३८ मीटर, १७ रुपये दराने ६४६. केबलवाल्याकडची वायर २५ मीटर, ४५० रुपये. नायलॉनची दोरी १८०, दोन कप्प्या १८०, एम-सील आणि टेप ९५, नटबोल्ट २३. पीव्हीसी पाइपचे तुकडे नळाच्या कामातले उरलेले. रेडिओ सेटची किंमत वेगळी, तो जुना घेतला, त्याचा आकडा मी घरात सांगितलेला नाही आणि इथेही सांगत नाही. पण लेख अँटेनाबद्दल बोलत होता, मीही तेवढंच बोलतो.

मी चिपळूणचा. १९८४ साली वीज मंडळात लागलो आणि ३४ वर्षं वायरमन म्हणून खांबावर चढलो-उतरलो. हॅमचं लायसन्स घेतलं ते निवृत्तीनंतर, वयाच्या ६२ व्या वर्षी. परीक्षा रिस्ट्रिक्टेड ग्रेडची दिली, तिला मोर्सची टकटक लागत नाही. थोडा विषय रेडिओचा, थोडा नियमांचा. पुस्तक इंग्रजी होतं, ते पुतणीच्या मुलीने मला वाचून दाखवलं. ती तेव्हा नववीत होती, त्यामुळे पेपर तिने दिला असता तर मार्क जास्त पडले असते.

लायसन्स का घेतलं हे विचाराल तर २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तो दिवस. आमचं घर चढावर, अंगणाशी पाणी आलं नाही. पण बहीण खाली बाजारपेठेत, पहिल्या मजल्यावर. लाइट गेली, मग मोबाइल गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी भाचा चिखलातून चालत आला तेव्हा कळलं की सगळे ठीक आहेत, खालचं दुकान मात्र गेलं. आपल्या लेखात लिहिलंय तसं 'हॅम रेडिओ असता तर लगेच संपर्क झाला असता' असं मी म्हणणार नाही. बहिणीकडे कुठला रेडिओ? पोळपाट-लाटणं वाचवायची पंचाईत होती. रेडिओचा उपयोग झाला असता तो एवढाच, की इकडे काय चाललंय आणि काय हवंय हे घाटावरच्या कुणाला तरी त्याच दिवशी सांगता आलं असतं. तेवढंही त्या दिवशी पुष्कळ होतं.

आता मुद्दा. घाटावर सांगायचं म्हणजे मध्ये सह्याद्री आहे.

लेखाबरोबर फोटो छापलाय तो हातात धरायच्या छोट्या सेटचा. तो १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. त्याच्या लहरी टॉर्चच्या उजेडासारख्या सरळ जातात. समोर डोंगर आला की संपलं. गावातल्या गावात, बोटीवरून किनाऱ्यावर, उत्तम. पण चिपळुणातून तो सेट कितीही ओरडला तरी कुंभार्ली घाटाच्या पलीकडे कराडला ऐकू जात नाही. डोंगरमाथ्यावर रिपीटर, म्हणजे आलेला आवाज पुढे पाठवणारं यंत्र, असेल तर जाईल, पण रिपीटरलाही वीज लागते, आणि त्या रात्री वीज कुणाकडे होती ते मी चांगलं जाणतो.

७ मेगाहर्ट्झचं तसं नाही. ती लहर सरळ वर पाठवली तर अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या वातावरणाच्या थरावर (आयनोस्फिअरवर) आपटून छत्रीसारखी खाली पसरते. डोंगर मध्ये येतच नाही, कारण ती डोंगराच्या डोक्यावरून जाते. चिपळूण ते कराड पक्ष्याच्या वाटेने पाऊणशे किलोमीटर, त्यासाठी आवाज सहाशे किलोमीटरचा फेरा घालून येतो आणि शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा पोचतो. आणि लहर वर जावी यासाठी अँटेना उंच लागत नाही, उलट बसकाच लागतो. लहरीच्या लांबीच्या पाव हिश्शापेक्षा कमी, म्हणजे दहा मीटरच्या आत. मनोरा कशाला? कौलारू घराच्या कोन्याला नऊ मीटरवर तार अडकवली की आपत्तीचं काम झालं. लेखातल्या मनोऱ्यावरच्या अँटेनाने ऑस्ट्रेलिया जास्त छान येईल, कराड नाही.

हे मला आज इतकं सोपं वाटतं, पण पहिल्यांदा पुण्याच्या एका जुन्या हॅमने (मी त्यांना गुरुजी म्हणतो) कागदावर अँटेनाचं चित्र काढून दिलं तेव्हा मी त्यांच्याशी भांडलो होतो. चित्रात रेडिओपासून एक केबल वर जाते, तिच्या आतल्या तारेला डावीकडे एक वायर, बाहेरच्या जाळीला उजवीकडे एक वायर, आणि दोन्ही वायरींची टोकं मोकळी. हवेत. मी म्हटलं, गुरुजी, सर्किट पुरं कुठे होतंय? ३४ वर्षं मी लोकांना सांगत आलो की तार तुटली की करंट थांबला. आणि हे म्हणतात, मधोमध अर्धा ॲम्पिअरहून जास्त करंट असेल.

त्यांनी मला आमच्या माजघरातल्या झोपाळ्याची आठवण दिली. झोपाळा कुठे बांधलेला असतो का पलीकडच्या भिंतीला? त्याला फक्त त्याच्या तालात ढकलायचं. ताल जमला तर एका बोटाने हलतो, ताल चुकला तर दोन माणसं ढकलूनही थरथरतो नुसता. तारेतली वीज टोकापर्यंत जाते, आपटते, परत येते. ती परत येते त्याच क्षणाला रेडिओने पुढचा धक्का दिला पाहिजे. म्हणून लांबी महत्त्वाची. लांब कड्यांचा झोपाळा हळू, आखूड कड्यांचा भराभर.

मग एकाच केबलवर चार-चार बँड कसे, तर तेही झोपाळ्यानेच सुटलं. एका तुळईला तीन झोपाळे टांगा, लांब, मधला, आखूड. तुळई ज्या तालात हलवाल त्या तालाचाच झोपाळा हलेल, बाकीचे दोन जवळजवळ गप्प. तीन जोड्या तारा एकाच जागी जोडल्या की ७ मेगाहर्ट्झची वीज लांब जोडीत शिरते, १४ ची मधल्या, २८ ची आखूड जोडीत. बाकीच्या जोड्यांचा अडथळा त्या वेळी एवढा असतो की वीज तिकडे फिरकत नाही. याला हॅमलोक फॅन डायपोल म्हणतात. पंख्याच्या पात्यांसारख्या तारा पसरतात म्हणून.

लांबी काढायला कॅल्क्युलेटरही नको. १४३ ला मेगाहर्ट्झने भागा, मीटरमध्ये पुरी लांबी मिळते. ७.१ ला २० मीटर १४ सेंटीमीटर, म्हणजे एका बाजूला १० मीटर ७ सेंटीमीटर. १४.२ ला बरोबर त्याच्या निम्मी. २८.५ ला एका बाजूला अडीच मीटर. मी सगळ्या तारा वीतभर जास्त कापल्या. ही सवय खात्यातली: कापलेली वायर लांब करता येत नाही.

आणि तरीही फसलो. लांब जोडी प्रत्येकी १० मीटर ३० ठेवून वर चढवली, गुरुजींनी उसना दिलेला हाताएवढा नॅनोव्हीएनए (अँटेना कुठल्या मेगाहर्ट्झवर ताल धरतो ते आलेखावर दाखवणारं यंत्र) केबलला लावला, तर आलेखातला खड्डा, म्हणजे ताल जमल्याची खूण, ६.८२ वर. मला वाटलं ६.९५ च्या आसपास यावा. कारण निघालं वायरीवरचं प्लास्टिक. ते १४३ उघड्या तांब्यासाठी आहे. घरगुती वायरिंगच्या पीव्हीसी चढवलेल्या तारेत लहर थोडी रेंगाळते, त्यामुळे लांबी दोन-चार टक्के कमी लागते. शिवाय मधे उंच आणि टोकं खाली अशी उलट्या 'व्ही'सारखी बांधली की आणखी थोडी कमी. मग हिशोब केला. या बँडवर दर १० किलोहर्ट्झमागे एका बाजूला जवळजवळ दीड सेंटीमीटर. ६.८२ वरून ७.१ वर यायचं म्हणजे २८० किलोहर्ट्झ, म्हणजे बाजूला ४० सेंटीमीटर. मी कापली नाही. टोक मागे दुमडून तारेलाच पिळून चिकटपट्टी मारली. दुमडलेला भाग लांबीत धरला जात नाही, आणि चुकलं तर उलगडता येतो. तीन फेऱ्यांत ७.०९ वर आलो. अंगणातून गच्चीवर, गच्चीवरून अंगणात. गुडघे अजून आठवण काढतात.

लांब जोडी आधी जमवायची, मग मधली, मग आखूड. उलट केलंत तर रडाल, कारण लांब जोडी हलवली की आखूड जोड्यांचा ताल बिघडतो. तारा एकमेकींपासून वीतभर दूर राहाव्यात म्हणून मी पाइपच्या तुकड्यांना भोकं पाडून ते मध्ये घातले. टोकांना अंतर जास्त ठेवलं तर भांडण कमी होतं. तरी २८ ची जोडी सूत्रापेक्षा थोडी लांबच लागली, बाकीच्या दोघींच्या शेजारामुळे.

चौथा बँड २१ मेगाहर्ट्झचा, तो फुकट मिळणार होता. सात त्रिक एकवीस, सात मेगाहर्ट्झची तार एकविसावरही ताल धरते. पाढा खरा, अँटेना खोटा. माझा खड्डा आला २१.९ वर, बँडच्या बाहेर. दोन दिवस मी टेप घेऊन तार पुन्हा पुन्हा मोजली. गुरुजी म्हणाले, मोजून काय होणार, तुझ्या तारेला टोकं किती? दोन. तार थोडी आखूड लागते ती टोकांच्या परिणामामुळे. सातावर अर्ध्या लहरीमागे दोन टोकं, एकविसावर तीन अर्ध्या लहरी पण टोकं दोनच. मधल्या लहरीला टोक नाही, तिला पुरी लांबी हवी, ती तुझ्याकडे नाही. उपाय मात्र गंमतशीर: केबलच्या जोडापासून तिसऱ्या हिश्शावर, म्हणजे सव्वातीन मीटरवर, दोन्ही बाजूंना ताठ तारेचं एकेक कडं लटकवायचं. त्या जागी एकविसाचा दाब (व्होल्टेज) सर्वांत जास्त असतो, त्यामुळे कड्याचा परिणाम एकविसावर भरपूर होतो आणि सातावर थोडाच. पाऊण मीटर तारेचं कडं, थोडं मोठं-लहान करून, २१.२ वर आणलं. सातावर जो थोडा फरक पडला तो आणखी दोन सेंटीमीटर उलगडून... नाही, दुमडून भरून काढला. लिहितानासुद्धा गोंधळ होतो, तिथे चढून करताना काय होत असेल ते समजून घ्या.

केबलबद्दल लेखात काहीच नव्हतं, आणि खरी फजिती तिथेच होते. मी केबल टीव्हीची आरजी-६ वापरली. ती ७५ ओहमची, रेडिओ ५० चा, पण एवढा फरक सेटला सहज पचतो आणि वायर गल्लीत मिळते. मात्र तिची बाहेरची जाळी ॲल्युमिनियमची असते. मी सोल्डरिंग गन घेऊन अर्धा तास बसलो. कथील जाळीवर पाऱ्यासारखं घरंगळतं, धरतच नाही, आणि तेवढ्यात आतलं प्लास्टिक वितळून आतली तार जाळीला चिकटली. ही वायर सोल्डर करायची नसते, केबलवाल्याचा क्रिम्पिंगचा, म्हणजे दाबून बसवायचा, कनेक्टरच लावायचा. केबलवाल्या पोराने मला ते दोन मिनिटांत करून दिलं आणि वर विचारलं, "काका, तुम्ही वायरमन होता ना?"

दुसरी फजिती जास्त शिकवणारी. पहिल्या पावसाळ्यात ऑगस्टच्या सुमारास एसडब्ल्यूआर, म्हणजे पाठवलेल्या विजेतली किती परत येते ते दाखवणारा आकडा, सगळ्या बँडांवर १.१ झाला. याआधी कधी १.४ च्या खाली आला नव्हता. मी खूश. दोन दिवस बोलतोय, कुणी उत्तरच देईना. शेवटी गुरुजींना फोन केला, आकडा अभिमानाने सांगितला. ते म्हणाले, केबल उतरव आणि कापून बघ. कापली तर आत पाणी, आणि जाळीची पांढरी भुकटी. ओल्या केबलने जाताना अर्धी वीज खाल्ली, परत येताना उरलेली खाल्ली. मीटरपाशी काही परत आलंच नाही, म्हणून आकडा गोड दिसला. तेव्हापासून कुणी १.१ सांगितला की मी आधी विचारतो, केबल कधी बदलली? आता वरच्या जोडाला एम-सील, त्यावर रबरी टेप, त्यावर उलटी कापलेली बाटली, आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, भिंतीतून आत येत नाही. कोकणातल्या पावसाला एवढं करून निम्मा मान ठेवल्यासारखं होतं.

बेलचं प्रकरण थोडक्यात सांगतो. सुरुवातीला मी सेटवर बोललो की घराची बेल वाजायची. बायको दार उघडायची, बाहेर कोणी नाही. चार-पाच वेळा झाल्यावर तिने गल्लीतल्या पोरांना दम दिला. दोष माझा होता: केबलच्या जाळीच्या बाहेरच्या अंगावरून वीज उतरून घरात फिरत होती. वरच्या जोडाच्या लगेच खाली केबलचे दहा वेढे चार इंची पाइपवर गुंडाळून पक्के बांधले, बेल थांबली. पोरांची माफी मी मागितली, पेरू देऊन.

तारेची दोन टोकं दोन माडांना. माड हे वाऱ्यात हातभर डोलतात, घट्ट बांधलं तर तार पहिल्याच वादळात तुटते. म्हणून नारळ उतरवणाऱ्या गड्याकडून माडावर कप्पी बसवून घेतली, दोरी कप्पीवरून खाली आणून तिला पाच लिटरच्या तेलाचा डबा बांधला, पाण्याने भरून. माड झुकला की डबा वर जातो, सरळ झाला की खाली येतो, तारेवर ताण तोच. वाऱ्याच्या दिवशी दोन्ही डबे अंगणात कवायत करतात. आधी मी काथ्याचा सुंभ वापरला होता, आपला माल म्हणून. तो भिजला की आखडतो आणि जड होतो. नायलॉनला ऊन खातं, दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, पण तोवर चांगली चालते.

एका बाबतीत मात्र मी छंद विसरून पुन्हा वायरमन होतो. तार टाकताना, दोरी फेकताना, पाइप उभा करताना वर आणि आजूबाजूला विजेची लाइन बघा. पडली तर कुठे पडेल ते बघा. पाइपच्या उंचीच्या दुप्पट अंतरात लाइन असेल तर ती जागा सोडा, दुसरी शोधा. मी लाइनवर गेलेली माणसं खाली उतरवली आहेत, यावर विनोद करत नाही. आणि वळवाचं आभाळ गडगडायला लागलं की केबल सेटमधून काढून खिडकीबाहेर टाका. मे-जूनला आणि हस्तात आमचा रेडिओ अर्धा वेळ असाच बसलेला असतो.

लेखात इतिहासाचा परिच्छेद होता, त्यात एक गोष्ट राहिली. १९४२ च्या चळवळीत मुंबईतून उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी जागा बदलत बदलत काँग्रेस रेडिओ चालवला, त्याची घोषणा ४२.३४ मीटरवर अशी असायची. यंत्र जुळवण्याचं काम नरिमन प्रिंटर यांचं, ते हॅम होते. आता ४२.३४ मीटरचे मेगाहर्ट्झ काढा: ७.०८. माझा खड्डा ७.०९ ला आहे. म्हणजे त्यांनी त्या लहरीसाठी अर्ध्या लहरीची तार टांगली असेल तर ती माझ्या तारेएवढीच, वीस मीटरच्या घरात. पुतणीच्या मुलीला हे सांगितलं तर ती गच्चीवर जाऊन बराच वेळ तारेकडे बघत होती.

फ्लॅटमधल्यांनी विचारू नये म्हणून लिहितो: पुतण्या ठाण्याकडे सोसायटीत राहतो, त्याने गच्चीवर तार लावायची परवानगी मागितली तर कमिटीला वाटलं मोबाइलचा टॉवर येतोय, कॅन्सर होईल. तार कपडे वाळत घालायच्या दोरीपेक्षा बारीक आहे हे दाखवून झालं. अजून विषय 'पुढच्या सभेत' आहे. तोवर तो खिडकीतून समोरच्या झाडापर्यंत एकच वीस मीटरची तार, एका टोकाला ट्रान्सफॉर्मर लावून, वापरतो. तीही ७, १४, २१, २८ वर चालते. त्याची खरी अडचण तार नाहीच, इमारतीतले एलईडी दिवे आणि चार्जर आहेत. त्यांची खरखर इतकी की दुबळा आवाज ऐकूच येत नाही. माझ्याकडेही होती. एकेक एमसीबी पाडत गेलो तेव्हा चोर सापडला, देवघरातल्या एलईडी माळेचा ॲडॉप्टर. तो बदलला. तरी खरं सांगू का, लाइट गेली की बँड जितका स्वच्छ होतो तितका एरवी होत नाही. जन्मभर लाइट आणायला धावलो, आता गेली की बॅटरीवर सेट लावून बसतो. खात्यातल्या जुन्या मित्रांना हे सांगितलेलं नाही.

अँटेनाच्या मर्यादाही सांगतो, नाहीतर माझं पत्र आपल्या लेखासारखं होईल. दिवसा सातावर घाटमाथा, पुणं, कोल्हापूर स्पष्ट. रात्र चढली की वरचा थर विरळ होतो, जवळची गावं गायब होतात आणि लांबची माणसं येऊन बसतात. रात्री जवळचं बोलायला ३.५ मेगाहर्ट्झ हवा, त्याला तार दुप्पट, ४० मीटर, आणि माझे माड तेवढ्या अंतरावर नाहीत. चौदावर संध्याकाळी इटली-रशिया येतात, पण नऊ मीटर उंचीवर त्यांचं माझ्याशी फारसं जमत नाही. मी दोनदा नाव सांगतो, ते तिसऱ्यांदा विचारतात.

आता विनंती. आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड असतो. तिथल्या पोरांना टेप, पकड, पाइप आणि ४० मीटर वायर दिली तर एका दिवसात असा अँटेना इमारतीवर चढेल. लायसन्सवाला माणूस नंतर शोधता येतो, पावसात भिजत तार मोजता येत नाही. माझी तारसुद्धा पहिल्या दिवशी चालली नाही. पाऊस पडायच्या आधी तीन आठवडे चढ-उतार केली तेव्हा चालली. लेखात मागवलेला अँटेना 'खोक्यातून काढून लगेच वापरता येतो' असं आहे. मी त्या खोक्याबद्दल बोलत नाही, पण आमच्या तालुक्यात मागवलेलं खोकं पूर ओसरल्यावर पोचतं.

आणि एक दुरुस्ती, शक्य असल्यास छापावी. लेखाच्या चौकटीत तारेची जाडी अडीच एमएम (म्हणजे चौरस मिलिमीटर) दिली आहे. अडीचची वायर जड, तिने एवढ्या लांबीवर झोळ पडतो आणि पाण्याचे डबे दहा लिटरचे लागतील. एक एमएमची पुरते.

आपला,
एक निवृत्त वायरमन, चिपळूण
(कॉलसाइन मुद्दाम देत नाही. सकाळी सातावर असतो, आवाजावरून ओळखतील.)